काळ्या डबीतल्या पांढऱ्या लाह्या

भाच्याचं बोरन्हाण रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी ठरलं आणि येणाऱ्या मुलांना काय द्यायचं यावर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा सुरू झाली. वहिनीने फोटो टाकले होते. कार्टूनच्या बाटल्या, प्लास्टिकचे डबे, खडूंच्या पेट्या. सगळं चांगलंच होतं, पण असल्या डब्यांनी माझ्या लेकीचा एक खण आधीच भरलेला आहे आणि कुठला डबा कुणाच्या वाढदिवसाचा हे तिला एकाचंही सांगता येत नाही. मी लिहिलं, "मुलांचं वाण माझ्याकडे. घरी करते." आत्या म्हणून तेवढा हक्क होताच.

सोसायटीतली आणि नात्यातली मिळून पंचेचाळीस मुलं येणार होती. हातात सतरा दिवस होते.

कल्पना सुचली ती जुन्या फोटोमुळे. माझ्या भावाच्या बोरन्हाणाचा फोटो आईच्या कपाटात आहे. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. त्या काळ्या कापडावर काटेरी हलव्याचे पांढरे दाणे असे उठून दिसतात की फोटो फिका पडला तरी दागिने फिके पडलेले नाहीत. तो सगळा हलवा आईने घरी केलेला होता. मी तो फोटो बघत होते तेव्हा लेक टेबलावर बसून मक्याच्या लाह्या खात होती. वाडग्यातली एक लाही मी फोटोशेजारी धरली. तसाच पांढरा रंग, तसाच वेडावाकडा काटेरीपणा. काळ्या कागदाची डबी करायची, तिला पतंगाच्या आकाराची खिडकी कापायची आणि आतून पांढऱ्या लाह्या दिसू द्यायच्या, एवढं तिथेच ठरलं.

आधी कागदाबद्दल सांगते, कारण सगळ्यात जास्त शिकले ती कागदाकडूनच.

पहिल्या डब्या मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या ए-फोर आकाराच्या काळ्या कार्डपेपरच्या केल्या. आराखडा साधा होता. सात सेंटिमीटरच्या चार बाजू, चिकटवायला दीड सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे साडेएकोणतीस. उंची बारा, आणि वरखाली साडेचार-साडेचारच्या पाकळ्या, म्हणजे एकवीस. ए-फोर कागद २९.७ बाय २१ चा असतो, म्हणजे एका कागदात एक डबी बरोब्बर बसते. गणित जमल्याचा आनंद पहिली घडी घालेपर्यंत टिकला. चारही कोपऱ्यांवर काळा रंग तडकला आणि आतला पांढरा कागद डोकावू लागला. काळ्या डबीला कोपऱ्याकोपऱ्यावर खडूने रेघ मारावी तशा पांढऱ्या भेगा.

यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे तो कागद वरून काळा केलेला होता, आरपार काळा नव्हता. दुसरी गोष्ट मला अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कळली. आम्ही गिरगावात राहतो. भुलेश्वर, काळबादेवी, झवेरी बाजार ओलांडत चालत गेलं की ती गल्ली लागते. लग्नपत्रिका, वह्या, वेष्टणाचे कागद, रिबिनी, सगळं घाऊक. तिथल्या एका दुकानात मी माझी तडकलेली डबी काढून दाखवली. काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी ती उघडून सपाट केली, मग एक कोरा कागद घेऊन आधी आडवा वाकवला, मग उभा. "हाताला काय लागतं बघा," म्हणाले. एका बाजूने कागद मऊपणे वाकत होता, दुसऱ्या बाजूने हाताला उलट दाबत होता. कागदातले तंतू ज्या दिशेने लोळलेले असतात त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ पडते. आडवी घातली की तंतू मोडतात आणि वरचा थर तडकतो. माझ्या ए-फोर कागदात तंतू लांबीच्या दिशेने होते आणि डबीचे चारही कोपरे मी नेमके त्यांना आडवे मोडले होते.

इतकी वर्षं मी कागदाच्या घड्या घालते, पण कागदाला उभं-आडवं असतं हे मला ठाऊक नव्हतं. लाकूडच ते शेवटी.

मग आरपार काळ्या जाड कागदाची मोठी शीटं घेतली, २२ बाय २८ इंचांची. यात तंतू अठ्ठावीस इंचांच्या बाजूने होते. तंतूंचा विचार न करता कापलं असतं तर एका शीटमध्ये चार डब्या बसल्या असत्या. विचार करून कापलं तर तीनच. जिवावर आलं, पण मी तीनच कापायचं ठरवलं आणि पंधरा शीटं घेतली. बाजूला साधारण सव्वीस सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरत होती. ती फेकायची नाही असं ठरवून जपून ठेवली आणि ते फार बरं झालं. का ते पुढे येईलच.

घडी घालायच्या जागी आधी रेघ दाबून घ्यावी लागते. त्यासाठी हत्यार मिळतं म्हणे. आम्ही शाई संपलेलं बॉलपेन वापरलं. खाली जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी, वर कागद, स्टीलची पट्टी घट्ट धरून बॉलपेनचं टोक एकदाच, एका दाबाने, ओढायचं. दोनदा ओढलं की दोन रेघा होतात आणि घडी कुठल्या रेघेवर पडावी हे कागद स्वतः ठरवतो. लेक बारा वर्षांची आहे, तिचा हात माझ्याहून स्थिर. पहिल्या संध्याकाळनंतर बॉलपेन तिच्याकडे गेलं आणि कटर माझ्याकडे राहिला. कटरचं पातं आम्ही दर सात-आठ खिडक्यांनंतर मोडून नवं टोक पुढे घेत होतो. बोथट पातं कागद कापत नाही, फाडतं, आणि काळ्या कागदावर फाटलेली कड पांढुरकी दिसते.

खिडकीभोवती पतंगाच्या कागदाची किनार लावायची होती. जांभळा, राणी, पोपटी, नारिंगी. पहिल्या किनारीला पांढरा डिंक लावला आणि राणी रंग बोटांना, पट्टीला, टेबलाच्या कपड्याला लागला. पतंगी कागदाचा रंग पाणी लागताच सुटतो आणि पातळ डिंकात पाणी असतंच. त्यानंतर कोरडी ग्लू स्टिक वापरली. तीसुद्धा कार्डावर फिरवायची, पतंगी कागदावर नाही, नाहीतर तो गोळा होतो. खिडकीच्या खालच्या टोकाला त्याच कागदाच्या तीन चिंध्यांची शेपटी लावली. चमकी लावायची लेकीची फार इच्छा होती. मी नाही म्हटलं. चमकीचे कण झडतात आणि खाण्याच्या वस्तूच्या डबीवर झडणारं काही मला नको होतं. स्टेपलरही घरात असून काढला नाही, त्याच कारणाने. पंचेचाळीस मुलांतल्या एकाच्या जरी तोंडात पिन गेली तर? तळाच्या पाकळ्या डिंकाने चिकटवल्या आणि वरच्या मोकळ्या ठेवल्या, दोरीने बांधायच्या.

आता लाह्या.

मक्याचा दाणा फुटतो तो त्याच्या पोटातल्या पाण्यामुळे. दाण्यात साधारण १४ टक्के ओलावा असावा लागतो. तापला की त्याची वाफ होते, टणक सालीमुळे ती आत कोंडते, आणि १८० अंश सेल्सियसच्या आसपास साल फाटून मऊ झालेला पिठूळ गर बाहेर उसळतो आणि तिथल्या तिथे गार होऊन फुलतो. दाणे वाळून कोरडे झाले असले तर कितीही आच द्या, तळाशी न फुटलेले गणंग उरतात. माझा पहिला किलो असाच निघाला, वाण्याकडच्या उघड्या पोत्यातला. पाव कढई गणंग. टाकायला जीव धजेना म्हणून पोत्यातले उरलेले कच्चे दाणे बरणीत भरून, किलोमागे चमचा-दीड चमचा पाणी घालून, झाकण घट्ट लावून तीन दिवस ठेवले, येता-जाता हलवत राहिले. चौथ्या दिवशी ते दाणे छान फुटले. दाणे फुटत असताना झाकण किंचित तिरकं ठेवायचं हेही तेव्हाच लक्षात आलं. वाफ कोंडली की लाही चिवट होते.

लाह्यांना चव तिळगुळाची द्यायची असं मी ठरवलं होतं. चिक्कीचा गूळ, तूप, भाजलेले तीळ. पाक झाला, लाह्या घोळल्या, चव अप्रतिम. रात्री परातीत पसरून झोपलो. सकाळी परातीतून एक अख्खा ढेप उचलला गेला. आमच्या घरापासून चौपाटी हाकेच्या अंतरावर आहे, जानेवारीतसुद्धा रात्रीची हवा ओलीच असते, आणि गूळ तर हवेतलं पाणी ओढून घेणारच. शिवाय लाह्या तपकिरी झाल्या होत्या. काळ्या डबीच्या खिडकीतून तपकिरी काहीतरी दिसलं तर ज्यासाठी हे सगळं चाललं होतं तेच जाणार.

आई खिडकीशी बसून पतंगांच्या शेपट्या करत होती. तिने त्या ढेपेतली एक लाही सोडवून खाल्ली आणि म्हणाली, "अगं, तुला हलवा दिसायला हवाय ना? मग गूळ कशाला घेतलास? साखरेचा पाक घे आणि परतत राहा. पाकाची परत साखर होऊ दे."

आईने कित्येक वर्षं संक्रांतीचा हलवा घरी केला. शेगडीवर मंद आच, परातीत खसखस किंवा साबुदाणा, चमच्याचमच्याने पाक आणि हाताची बोटं सतत फिरती. एका डब्याला दोन-दोन, तीन-तीन दिवस. आता तिची बोटं आखडतात, हलवा विकतचा येतो. तिने हे सांगितलं ते शेपटीची गाठ मारता मारता, मान वर न करता.

त्या दुपारी ती स्टूल घेऊन ओट्याशी बसली. अर्धी वाटी दाण्यांच्या लाह्या मोठ्या कढईत गणंग चाळून तयार होत्या. दुसरीकडे एक वाटी साखर, पाव वाटी पाणी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तूप. पाक उकळायला लागला तशी ती बुडबुड्यांकडे बघत राहिली. आधी बारीक, भरभर फुटणारे बुडबुडे. मग मोठे, आळसावलेले. "आता बघ," म्हणाली. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला. तो तळाशी जाऊन सपाट झाला. "नाही अजून." अर्ध्या मिनिटाने दुसरा थेंब. तो पाण्यात गोल राहिला, बोटांनी उचलता आला, दाबला तर दबला पण तुटला नाही. गोळीबंद. "ओत."

मी पाक लाह्यांवर ओतला, मूठभर पांढरे तीळ टाकले आणि दोन उलथन्यांनी खालून वर परतायला लागले. सुरुवातीला सगळं ओलं, चकचकीत, उलथन्याला धरून ठेवणारं. मला वाटलं, झाली पुन्हा ढेप. "थांबू नकोस," आई म्हणाली. दीड-दोन मिनिटं झाली असतील. मग आवाज बदलला. चपचप होती ती थांबली आणि कढईत कोरडी सळसळ सुरू झाली, वाळूवर पाचोळा सरकावा तशी. चकाकी एकेका लाहीवरून उतरत गेली आणि तिच्या जागी बारीक पांढरी कणी धरली. लाह्या एकमेकींपासून आपोआप सुट्या झाल्या. आईने एक उचलून उजेडात धरली, फिरवून बघितली. "काटे आलेत," म्हणाली. एवढंच, पण तिचा चेहरा मी बराच वेळ बघत होते.

पाकातला उरलासुरला ओलावा जावा म्हणून या लाह्या ओव्हनमध्ये शंभर-एकशेदहा अंशांवर पंधरा मिनिटं ठेवल्या. बाहेर काढल्यावर पूर्ण गार होऊ द्यायच्या, पण दहा-पंधरा मिनिटांच्या वर उघड्यावर ठेवायच्या नाहीत. गरम भरल्या तर पिशवीला आतून वाफ धरते, आणि उशीर केला तर हवा आपलं काम करते. एका घाण्यात सहा पिशव्या भरत होत्या. शनिवारी सात घाणे काढले.

पिशव्या खाण्याच्या पदार्थांसाठीच्या, पारदर्शक, पाच बाय सात इंचांच्या. मूळ विचार नुसता बटर पेपर घालून डबी भरायची असा होता. पण कागद हवा अडवत नाही, आणि शनिवारी भरलेली डबी रविवारी संध्याकाळी कुरकुरीत राहायला हवी होती. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आजही भेळ-चणे तसेच मिळतात: छापील वर्तमानपत्र खाण्याला लागू देऊ नये. शाईतली द्रव्यं अन्नात उतरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी ते बंदही केलं आहे. रद्दी आम्ही रेघा दाबायला वापरली, लाह्यांजवळ येऊ दिली नाही. पिशव्या बंद करायला शेजारच्या काकूंचं सीलिंग मशीन मिळालं. त्या मसाले करून विकतात. मशीन द्यायच्या आधी त्यांनी तारेवरची पट्टी ओल्या फडक्याने पुसून दिली, तरी पहिल्या दोन पिशव्यांना गोडा मसाल्याचा वास लागला. त्या आम्ही घरी खाल्ल्या.

आता त्या जपून ठेवलेल्या पट्ट्यांबद्दल. पंचेचाळीसपैकी सहा मुलं चार वर्षांच्या आतली होती, त्यात स्वतः उत्सवमूर्ती दीड वर्षाचे. इतक्या लहान मुलांना लाह्या देऊ नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. चावून बारीक करता येत नाही, साल घशाला चिकटते, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. हे मला ठाऊक होतं, पण सजावटीच्या भरात मी विसरले होते. वहिनीने फोनवर सहज विचारलं, "ताई, आपल्या पिल्लाला काय?" आणि मी जागेवर गप्प झाले. मग उरलेल्या पट्ट्यांतून सहा सेंटिमीटर बाजूच्या सहा छोट्या डब्या कापल्या. चार सक चोवीस आणि दीड, साडेपंचवीस. सव्वीसच्या पट्टीत बसलं. त्यात राजगिऱ्याचे मऊ लाडू ठेवले. मोठ्या डब्यांना लाल दोरी, छोट्यांना पिवळी. आणि दारात वाटायला उभी राहणाऱ्या लेकीला दहा वेळा बजावलं: पिवळी दोरी फक्त कडेवरच्यांना.

रविवारी सकाळी दोन मोठी खोकी घेऊन चर्नी रोडहून धिमी लोकल पकडली. लाह्यांना वजन नसतं, जागा मात्र लागते. खोकी वरच्या मांडणीवर आडवी चालली असती, पण डब्यांच्या खिडक्या दबतील म्हणून पार्ल्यापर्यंत मांडीवरच ठेवली. समोरच्या बाईंनी फटीतून डबी बघितली, म्हणाल्या, "संक्रांतीची काळी चंद्रकळा वाटते." मी आईकडे बघितलं. तिने पदर सावरला, बोलली काही नाही.

संध्याकाळी भाचा पाटावर बसला, काळं झबलं, हलव्याचा मुकुट. मुकुट त्याने दोनदा ओढून काढला. औक्षण झालं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या, हलवा ओतला. सगळी मुलं एकदम खाली वाकली. डब्या आम्ही आधीच वाटल्या होत्या. मला वाटलं होतं, लूट झाली की मुलं त्या घरी नेतील, बघतील, सावकाश उघडतील. पण दोन मिनिटांत लाल दोऱ्या सुटल्या. पिशव्या दातांनी फाडल्या गेल्या, लाह्यांचा कुरकुर आवाज खोलीभर झाला. मी आईला कोपराने हलवून तो ऐकवला. आणि रिकाम्या काळ्या डब्या मुलांनी बोरं भरायला घेतल्या.

सात-आठ वर्षांचा एक मुलगा माझ्या पायाशी उकिडवा बसून भराभर वेचत होता. बोरं राहत होती, पण हलव्याचे दाणे पतंगाच्या खिडकीतून बाहेर गळत होते. त्याने डबी वर उचलून त्या भोकातून एकदा माझ्याकडे बघितलं, मग डाव्या हाताचा तळवा खिडकीवर घट्ट दाबला आणि उजव्या हाताने पुन्हा वेचायला लागला.